रिकाम्या जागांचा कैवारी

“जागा रिकामी आहे, म्हणजे कंपनी कंजूष आहे,” असं दुप्पटशेठ एकदा म्हणाला, आणि त्या एका वाक्यावर त्याने पुढचं सगळं आयुष्य भागवलं.

नाव गल्लीने ठेवलेलं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मेमरीची एक पट्टी असेल तिथे दुसरी खोचायची आणि ‘दुप्पट केली’ म्हणून मिरवायचं, एवढाच त्याचा धंदा. पट्टी दाबायला अंगठा लागतो. त्याला वाटायचं, अक्कल लागते.

त्याची वहिनी घरी बसून डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी पडद्यावर हलणारी चित्रं बनवायची. एका कॉलेजने तिला हृदय करायला सांगितलं होतं. अख्खं हृदय सलग धडधडलं, तर कायमची नोकरी. पण कॉम्प्युटरमधल्या, चित्रं पडद्यावर आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरायची आणि हृदय मध्येच थिजायचं.

दुप्पटशेठने कार्ड उघडलं. प्रोसेसरभोवती मेमरीच्या आठ काळ्या चिप, आणि दोन जागा मोकळ्या.

“बघा वहिनी! दोन खोल्या बांधून ठेवल्यात आणि भाडेकरूच नाही.”

“भावोजी, त्या जागा महागड्या कार्डासाठी असतात. बोर्ड दोन्ही कार्डांना एकच वापरतात. आपल्या प्रोसेसरच्या आत तिकडचं दार कारखान्यातच बुजवलेलं असतं. मी वाचलंय.”

“वाचून कुणी पोहायला शिकतं का? तांब्याची वाट डोळ्यांनी दिसतेय की!”

वाट होतीच. ती भिंतीपर्यंत जात होती. पण वाट दिसली की दार असणारच, असं मानणाऱ्यांच्या जातीत दुप्पटशेठचा जन्म झाला होता.

त्याने दोन चिप डकवल्या. कार्ड सुरू झालं आणि मेमरीचा जुनाच आकडा दाखवू लागलं. शहाणा इथे थांबला असता. याचं नाक कापलं तरी भोकं शाबूत.

“मग सगळ्याच मोठ्या बसवू!”

वहिनी नको नको म्हणत असताना त्याने गरम हवेने जुन्या आठही उपटल्या आणि दुप्पट मेमरीच्या लावल्या. त्या चिप ओळखायला कार्डाला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

“पडदा काळा आहे, भावोजी.”

“जरा तापू द्या.”

“तापलंय. वास येतोय.”

त्याने नव्या चिप घाईघाईने काढल्या. त्यांच्याबरोबर, चिप ज्यांवर बसतात ते बोर्डावरचे तांब्याचे ठिपकेही सोलून निघाले.

“जुन्या तरी परत बसतील ना?” वहिनीने विचारलं. “परवा कॉलेजात काय दाखवू मी?”

दुप्पटशेठने हात पँटला पुसले, पायांनीच चपला चाचपल्या आणि तो निघून गेला.