शहाण्णव सालची हाक

पार्सिपनीतल्या मराठी माणसांना प्रल्हाद काका कोण हे सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगायला हवं. वय शहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले, तरी रविवारी सकाळी साडेनऊला गळ्यात शिट्टी अडकवून शाळेमागच्या मैदानावर हजर. मूळचे वाळव्याकडचे. चौऱ्याऐंशी साली टेलिफोन कंपनीत इंजिनिअर म्हणून इकडे अमेरिकेत आले. नोकरीबद्दल विचारलंत तर दोन वाक्यांत विषय संपतो. खो-खोबद्दल विचारणार असाल तर आधी घरी कळवून ठेवा, जेवायला थांबू नका म्हणून.

पार्सिपनी खो-खो मंडळ त्यांनी एकोणनव्वदला काढलं. हार्डवेअरच्या दुकानातून कुंपणाचे दोन लाकडी खांब आणले आणि मैदानात पुरले. पहिल्याच रविवारी शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. आता त्या माणसाचंही काय चुकलं म्हणा. आठ मोठी माणसं गवतात ओळीने उकिडवी बसली आहेत, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, आणि नववा त्यांच्याभोवती जिवाच्या आकांताने पळतोय. पोलीस आला. काकांनी त्याला खेळ समजावला, आणि पुढचा अर्धा तास तो बिचारा घड्याळ धरून उभा राहिला.

त्या मैदानावर दुपारनंतर आयरिश लोकांचा गेलिक फुटबॉल क्लब खेळायचा. मोठी दिलदार माणसं. चुन्याच्या रेषा मारायचं यंत्र त्यांनीच दिलं, ते आजतागायत परत मागितलेलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या क्लबला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांनी क्लबचा इतिहास छापला. जाड पुठ्ठ्याचा, फोटोंसकट. एक प्रत काकांना भेट मिळाली. काकांनी ती वाचून काढली आणि आठवडाभर त्यांना चैन पडेना.

"चेंडू हातात घेऊन पळतात, त्याला फुटबॉल म्हणतात, आणि त्यांचं पुस्तक आहे," ते भेटेल त्याला सांगू लागले. "आपलं काय आहे?"

झालं, पुस्तक ठरलं. लिहायचं काम रुहीने अंगावर घेतलं. रुही म्हणजे ज्ञानदा काकूंची मुलगी, इथेच जन्मलेली, पेशाने फिजिओथेरपिस्ट आणि सध्या मंडळाच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. दर रविवारी खेळ संपला की ज्ञानदा काकूंच्या डायनिंग टेबलावर काका बोलायचे आणि रुही लॅपटॉपवर लिहायची. एकोणनव्वद झालं, नव्वद झालं, पंच्याण्णव झालं. काका खुशीत होते. मग शहाण्णव आलं, आणि काकांचा आवाज बसला. त्या दिवशी ते घसा दुखतोय सांगून घरी गेले.

शहाण्णवची गोष्ट खरं तर मंडळातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लेबर डेच्या सुट्टीतली स्पर्धा, अंतिम सामना, समोर नेपरव्हिलचा संघ. गुण बरोबरीत, शेवटचं मिनिट. एक गडी बाद केला की चषक पार्सिपनीचा. काका ओळीत बसलेले. खो-खोत पळणाऱ्याने मागून पाठीला हात लावून 'खो' म्हटलं की बसलेल्याने उठायचं, त्याआधी उठलं तर फाउल. काका उठले, दोन ढांगांत गडी बाद केला, आणि शिट्टी वाजली. फाउल. खो मिळालाच नव्हता. बाद रद्द झाला, वेळ संपली, आणि जादा डावात नेपरव्हिलने पार्सिपनीला धूळ चारली.

सगळे काकांवर तुटून पडले. बारा वर्षं वाळव्यात खेळलेला माणूस, इतरांना शिकवणारा, आणि खो नसताना उठतो? तेव्हा काका म्हणाले, "मी काय करू? शरयूने 'अहो' म्हणून हाक मारली. मला 'खो' ऐकू आलं."

मग जो काही हशा पिकला! हरल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं. शरयू काकू, म्हणजे काकांची बायको, तेवढ्यात तिथे आल्या. त्यांना विचारलं तर त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, मीच. चुकलं माझं."

त्याच संध्याकाळी मंडळाने ठराव केला की मैदानावर 'अहो' बंद. बायकांनी नवऱ्यांना नावाने हाक मारायची. तरुण सुनांना तर हेच हवं होतं. पण शरयू काकूंनी ठराव भलताच मनावर घेतला. मैदानावरच काय, घरीसुद्धा त्या दिवसापासून त्यांनी 'अहो' म्हटलं नाही. प्रल्हाद, चहा झाला. प्रल्हाद, फोन आहे. गावाकडून फोनवर ते ऐकून सासूबाईंनी दोन महिने अबोला धरला होता. मंडळी कौतुकाने म्हणायची, शरयू काकू फॉरवर्ड. काकाही हसायचे. पण लग्नानंतरची बावीस वर्षं ज्या शब्दाने त्यांची सकाळ व्हायची, तो शब्द घरातून गेला होता, आणि त्यांना तो फार हवा होता. मागायची सोय नव्हती. मागायचा तर खरं सांगावं लागलं असतं.

कारण त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ना 'खो', ना 'अहो'. समोरून गडी हाताच्या अंतरावरून गेला, राहवलं नाही, उठले. भर मैदानात शरमेने जीव जायची वेळ आली, तेव्हा जिभेवर बायकोचं नाव आलं. ती सकाळपासून दोरीपाशी उभी राहून ओरडत होती. तिलाही वाटलं असेल, आपणच हाक मारली. अशी त्यांनी इतकी वर्षं मनाची समजूत घातली होती. दोन वर्षांपूर्वी शरयू काकू गेल्या. शोकसभेतही तीन जणांनी ती 'अहो'ची गोष्ट सांगितली, लोक रडता रडता हसले, आणि काका मान खाली घालून बसले.

पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी रुहीने छापील पानं त्यांच्यापुढे ठेवली. ती कहाणी तिने दुसऱ्यांकडून ऐकून लिहून टाकली होती. पान एक्केचाळीस, 'अहो की खो?'

"काका, हा बेस्ट चॅप्टर आहे," रुही म्हणाली. "आणि कव्हरला काकूंचा हा फोटो टाकू या का? हाक मारताना. सो परफेक्ट."

फोटोत शरयू काकू तोंडापाशी हात धरून ओरडत होत्या. काकांनी तो बराच वेळ पाहिला. छापलं की संपलं, हे त्यांना कळत होतं. मग कायमचं तेच खरं.

"हे पान काढ, रुही," ते म्हणाले. "हे खोटं आहे. मला काही ऐकू आलं नव्हतं. मीच उठलो आणि तिच्यावर ढकललं."

रुहीला आधी वाटलं काका थट्टा करताहेत. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. "पण काकू तर हो म्हणाल्या होत्या."

"तिला खरंच वाटलं असणार. ओरडत होती ना सकाळपासून. बिचारीने विश्वास ठेवला माझ्यावर."

ज्ञानदा काकू चहा करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या.

"शरयू तेव्हा मैदानावर नव्हती," त्या म्हणाल्या. "मसालेभाताचं पातेलं गाडीत राहिलं होतं. आम्ही दोघी पार्किंग लॉटमध्ये होतो, शाळेच्या पार पलीकडे. शिट्टी आम्ही तिथूनच ऐकली."

काकांनी हातातला फोटो टेबलावर ठेवला.

"मी नंतर तिला म्हटलं, अगं, तू माझ्याबरोबर होतीस, सांग ना सगळ्यांना. तर म्हणाली, असू दे. ह्यांना उद्या त्याच लोकांसमोर शिट्टी घेऊन उभं राहायचंय. पण ज्या शब्दाच्या आड लपलेत, तो शब्द आता मी त्यांना देणार नाही. स्वतःहून सांगतील, त्या दिवशी देईन." ज्ञानदा काकूंनी फोटोकडे पाहिलं. "वाट बघितली तिने, भाऊजी. शेवटी हॉस्पिटलमध्ये मी विचारलं होतं, तर म्हणाली, अजून नाही सांगितलं."

 काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सव्वीस वर्षं एका घरात दोघांनाही ठाऊक होतं, आणि एक वाक्य बोलायला काकांना जमलं नव्हतं. रुहीने पाण्याचा ग्लास पुढे केला. चहा तसाच गार झाला.

बऱ्याच वेळाने रुहीने लॅपटॉप उघडला. "काका, मग काय लिहू? की हा चॅप्टरच कॅन्सल करू?"

"नको, कॅन्सल नको. लिही, प्रल्हाद खो मिळायच्या आधी उठला," काका म्हणाले. "आणि त्याच्या आधी लिही, शरयू तिथे नव्हती."