एरंडेल लावलेलं माल्ट

स्वस्तात काही मिळतंय म्हटलं की माझी बुद्धी चालेनाशी होते. हा दोष मी कधी लपवलेला नाही. ॲन आर्बरमध्ये घरच्या घरी बिअर करणाऱ्यांचं आमचं एक छोटं मंडळ आहे. तिथे एका ऑगस्टमध्ये निरोप आला, की गावाबाहेरची एक लहानशी ब्रूअरी बंद होते आहे आणि उरलेलं माल्ट निम्म्याहून कमी भावात काढते आहे. मात्र सुटं नाही, पोत्यानंच. मला एका खेपेला पाच किलो लागतं आणि अशा खेपा वर्षात चार-पाच. मी पंचवीस किलोंची सहा पोती घेतली.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. बाहेरून दाणा अगदी साधा दिसतो, पण चावला की गोड लागतो. त्या गोदामात उंच खिडक्यांतून ऊन येत होतं आणि त्यात धान्याची धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की आपण इथे कशाला आलो हेच मी थोडा वेळ विसरले. विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एक पोतं उसवून माझ्या ओंजळीत दाणे ओतले आणि अख्खे ठेवलेत तर वर्षभर टिकतील म्हणून सांगितलं. दाणे कोमट होते. मी ती ओंजळ बराच वेळ तशीच धरून उभी राहिले.

घरी पोचेपर्यंत गाडी मागून पार दबली होती. नवरा पोती उतरवत म्हणाला, "सहा? यार, आपण ब्रूअरी ओपन करतोय का?"

घरात तेव्हा आई होती. बाबा गेल्याला वर्ष होत आलं होतं, आणि जूनमध्ये आम्ही तिला नागपूरहून आणलं होतं. दिवसभर ती मागच्या खोलीत खिडकीपाशी बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून एक शब्द नाही. "आता माझं काय राहिलंय," हे वाक्य ती रडून नव्हे, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणायची, आणि मला त्या आवाजाची भीती वाटायची. मी मुद्दाम स्वयंपाक तिच्यावर सोपवून पाहिला. फोडणीत मोहरी तडतडली, करपली, तरी ती हातात झारा धरून तशीच उभी. मला माझी आई परत हवी होती, दुसरं काही नको होतं.

आम्ही पोती गॅरेजमध्ये रचत होतो, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. "वर्षाचं भरलंस?" तिनं विचारलं.

दोन महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी घाईघाईनं हो म्हटलं.

"सातू आहे. एवढ्याचं करणार काय?"

"भिजवायचं, शिजवायचं आणि त्याचं पाणी काढायचं."

"सत्त्वासारखं?"

"साधारण तसंच." यात खोटं काही नव्हतं. पुढचं तेवढं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून परतले तर मागच्या डेकवर आमच्या दोन्ही चांगल्या चादरी अंथरलेल्या, त्यांवर माल्ट पसरलेलं, आणि मधोमध उशीवर आई. तिच्या गुडघ्यांना चोळायला आणलेली एरंडेलाची बाटली शेजारी. तळहाताला तेल घ्यायचं, दोन्ही हातांनी दाणे उचलायचे, चोळायचे, सोडायचे. वर्षाचं धान्य भरलं की त्याला ऊन द्यायचं आणि एरंडेल लावायचं, म्हणजे कीड लागत नाही. आमच्या घरी दरवर्षी हेच व्हायचं. मी मात्र कपाळावर हात मारून घेतला. कारण तेलाचा आणि बिअरच्या फेसाचा उभा दावा. ग्लासाला नुसतं तेलकट बोट लागलं तरी फेस बसतो, इथे तर दाणा न् दाणा माखलेला.

आता सांगायलाच हवं, असं मनाशी घट्ट करून मी पुढे झाले. एकच पोतं बिघडलं होतं, पाच वाचली असती.

"चिमण्यांकडे लक्ष ठेव गं," आई वर न बघता म्हणाली. "तुझे बाबा गच्चीवर चिमण्या हाकायला बसायचे आणि स्वतःच घोरायचे. त्यांच्या पोटावर बसून चिमण्या गहू खायच्या."

आणि हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. मी चप्पल काढली, चादरीच्या कडेला बसले आणि तळहात पुढे केला. तिनं त्यावर तेल ओतलं.

त्यानंतरच्या दुपारी मला आठवतात त्या सगळ्या मिळून एकच, लांबलचक. कामावरून मी लवकर निघायचे. ऊन पिवळं, तिरपं होत जायचं, दाण्यांवर दाणे पडल्याचा बारीक आवाज यायचा, एरंडेलाचा जड वास आणि माल्टचा गोड वास एकात एक मिसळून जायचे. आई बोलायची. आपण मिशिगनमध्ये आहोत की नागपुरात हे तिला कधी कधी कळत नसावं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. नवरा संध्याकाळी दाराशी येऊन मला खुणा करायचा. एकदा त्यानं आत बोलावून विचारलंच, "तू आईंना सांगणार आहेस की नाही? सगळं वेस्ट होतंय." मी म्हटलं, होऊ दे. नंतर तोच एरंडेलाच्या चार बाटल्या घेऊन आला.

पानं पिवळी पडायला लागली तशी आईची परत जायची तारीख आली. पाच पोती झाली होती. मग चार दिवस पावसाची झड लागली आणि सहावं राहून गेलं. निघायच्या सकाळी सामान गाडीत चढलं तरी ती गॅरेजमध्येच. त्या शिवलेल्या पोत्यावर हात ठेवून म्हणाली, "याला तू हात लावू नकोस. तुला तेल नीट लावता येत नाही. मी येऊन करीन."

थंडीत मी बिअर केली. रंग सुरेख, चव बरी, आणि वर फेसाचा पत्ता नाही. मंडळात नेली तेव्हा माल्ट विकणारे ते म्हातारे गृहस्थही आले होते. त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि ग्लासात साबण राहिलाय का, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही, माझ्या आईनं त्या माल्टला तेल लावलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास संपवला. नवऱ्याचं म्हणणं, एक पोतं तरी चांगलं आहे ना, त्याची कर. बरोबरच आहे त्याचं. सगळ्या घरात फेस येण्याजोगं तेवढंच माल्ट उरलंय, आणि तेही जुनं होत चाललंय.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "पोतं उघडलं नाहीस ना?"

"नाही गं. तुझ्यासाठीच ठेवलंय."

"मग जूनचं तिकीट बघ," ती म्हणाली. "नाहीतर कीड लागेल."

मी तिकीट काढलं. पोतं गॅरेजमध्ये तसंच शिवलेलं आहे, आणि त्याच्यावर एरंडेलाची नवी बाटली आणून ठेवली आहे.