एक आणि दोनच्या मधला शाफ्ट

"पोरीने रेघ तोडली म्हणून पाच मार्क कापता? का तोडली, ते एकदा तरी विचारलंत तिला?"

हा आवाज गायकवाडांचा. दिंडोशीचे गायकवाड, लिफ्ट मेकॅनिक. तळमजल्यावर उभं राहून सातव्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा नॅशनल पार्कातल्या बिबट्याला ऐकू जातं. त्या दिवशी तर ते ओरडत होते. बोरीवलीतल्या आमच्या क्लासचा पंखा महिनाभर बंद होता, तो त्या आवाजाने दोन गिरक्या फिरला. खोटं वाटत असेल तर मॅडमना विचारा. त्या नाही म्हणतील, पण विचारा.

मॅडम म्हणजे शिरोडकर मॅडम, क्लासच्या मालकीणबाई. मी त्यांच्याकडे सव्वीस वर्षं गणित शिकवतोय.

प्रकरण असं. अकरावीच्या टेस्टवर स्पेशल बॅच ठरते. पहिले वीस आत, बाकीचे बाहेर. गायकवाडांची प्राजक्ता एकविसावी आली. तीन मार्कांनी हुकली. आणि ग्राफचे पाच कापणारा हात माझा.

ग्राफ होता रॅशनल फंक्शनचा. घाबरू नका. बीजगणितातल्या एका राशीला दुसऱ्या राशीने भागलं की झालं रॅशनल फंक्शन. आमच्या प्रश्नात वर, म्हणजे अंशात, x + १ आणि खाली छेदात २x − ३. x ला एकेक किंमत द्यायची, भागाकार करायचा, जो येईल तो y. टेबल करा, पॉइंट टाका, जोडा. हा मंत्र मी पोरांच्या इतका अंगी मुरवलाय की एकाने स्वतःच्या लग्नात पाटावर पडलेल्या अक्षता बोटाने जोडल्या. मी पंगतीत होतो.

तपासायची माझी पद्धत त्याहून भारी. बरोबर ग्राफ एकदा बटर पेपरवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कागदावर, काढून ठेवायचा. तो प्रत्येक उत्तरावर ठेवायचा. रेघेवर रेघ बसली, पाच. नाही बसली, शून्य. कटिंग चहा निवायच्या आत चाळीस ग्राफ!

एकोणचाळीस जणांची रेघ बसली. प्राजक्ताची एक आणि दोनच्या मध्ये तुटली होती. डावीकडचा तुकडा खाली कागदाबाहेर गेला होता, उजवीकडचा वरून कुठून तरी उतरला होता. मी लाल पेनने 'अपूर्ण' लिहिलं आणि पुढचा पेपर घेतला.

"गायकवाड, लिस्ट लागली की लागली," मॅडम म्हणाल्या. "सर, तो बटर पेपर दाखवा यांना."

मी दाखवला. गायकवाडांनी तो उजेडात धरला. "एकला उणे दोन. दोनला तीन. बरोबर ना? मग मध्ये काय आहे?"

"मध्ये काय असणार? उणे दोनवरून तीनला जायचं, रस्ता सरळ आहे."

"जाऊन बघितलंत?"

"अहो, त्यात बघायचं काय?"

"सर, दोन मजले दिसले म्हणून मध्ये जिना असतोच असं नाही. आमच्यात बघितल्याशिवाय पाय टाकला तर डायरेक्ट वाट लागते."

सव्वीस वर्षांत मी एक आणि दोनच्या मध्ये डोकावलो नव्हतो. टेबलात नेहमी पूर्णांक घेतो, हिशेब सोपा पडतो. आता मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. मी खडू उचलला.

"एक पूर्णांक चार दशांश घेऊ," मी म्हणालो. अंश २.४, छेद उणे ०.२. उत्तर उणे बारा.

फळ्यावर माझं एक युनिट दहा सेंटिमीटरचं. उणे बारा फळ्याच्या खाली, थेट फरशीवर आलं. मी गुडघे टेकून फरशीवर टिंब काढलं.

"हे बाहेर कसं गेलं?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "सर, अजून जवळचं घ्या."

१.४९ घेतलं. उणे एकशे साडेचोवीस! आमचा क्लास दुसऱ्या मजल्यावर. हे टिंब खालचा दातांचा दवाखाना ओलांडून गटाराच्याही खाली जात होतं. १.४९९ ला तर उणे साडेबाराशेला अर्धाच कमी. तिथे पोचायला मेट्रोचं खोदकाम करणारं मशीनच लागलं असतं.

"आता पलीकडून या," गायकवाड म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. म्हणजे फक्त बाजूच्या सोसायटीपर्यंत.

१.६ ला अधिक तेरा, पंख्याजवळ. १.५१ ला एकशे साडेपंचवीस, गच्चीवरच्या टाकीच्याही वर.

"आणि बरोबर दीडला?" मॅडमनी विचारलं.

मी २x मध्ये दीड टाकला. तीन वजा तीन. छेद शून्य. आणि शून्याने भागता येत नाही, हे पहिल्या लेक्चरला फळा दणाणून कोण सांगतं? मीच! दीडच्या त्या उभ्या रेषेला असिम्प्टोट म्हणतात. ग्राफ तिच्या जवळ जवळ जातो, पण तिच्यावर कधी पाय ठेवत नाही. हे मला झोपेत विचारा, मी पाठ म्हणून दाखवीन. पण बटर पेपर हातात आला की डोकं आराम करतं. एक आणि दोन घेणारं माझं टेबल त्या खड्ड्यावरून टुणकन उडी मारून जात होतं.

"लिफ्टचा शाफ्ट आहे हा," गायकवाड म्हणाले. "इकडून खाली, तिकडून वर, मध्ये फ्लोअर नाही. आणि तुम्ही एकोणचाळीस पोरांना त्यात चालायला लावलंत."

मॅडम उठल्या, बाहेर गेल्या आणि बोर्डावरची लिस्ट टराटरा फाडून आल्या. "सर, चाळीसच्या चाळीस ग्राफ परत तपासा. बटर पेपरशिवाय."

तपासले. एकोणचाळीस जणांचे कापले, एकीला दिले. प्राजक्ता एकविसाव्या नंबरवरून चौथ्यावर आली. तो ऐतिहासिक बटर पेपर मॅडमनी वडापाव गुंडाळायला वापरला. तेवढाच त्याचा आयुष्यातला खरा उपयोग.

या सगळ्या गोंधळात प्राजक्ता दाराबाहेर बाकावर बसून होती. मी तिला आत बोलावलं. फरशीवरची टिंबं दाखवली, गटार, टाकी सगळं सांगितलं. मग जरा दरडावूनच विचारलं, "एवढं तुला कळलं होतं तर उत्तरात लिहायचं नाही का गं? मला कसं कळणार?"

तिने टेबलावरचा ग्राफपेपर माझ्याकडे सरकवला.

"उलटा करा, सर. मागे लिहिलंय."