दादांचा लॅपटॉप मराठीत केला तेव्हा

मी निघाले त्या सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, माझ्या बॅगेवर पत्ता लिहीत बसले होते. रिक्षा दारात उभी, आई देवासमोर दह्याची वाटी घेऊन उभी, आणि दादा पांढऱ्या कागदावर एकेक अक्षर छापल्यासारखं काढत होते. पत्ता जर्मनीतला होता. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण कळण्याची त्यांना कधी गरजही पडली नव्हती. रस्त्याच्या नावापाशी मात्र ते थांबले. "बाई, ह्या अक्षरावर दोन टिंबं हायेत. लागतेतच का?" मी म्हणाले, लागतात. त्यांनी पेनाचं टोक पुसलं आणि दोन टिंबं दिली, सारख्या मापाची. मग तोच पत्ता बॅगेच्या उरलेल्या तीन बाजूंनाही. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

स्टेशनच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं होतं. माझ्या पासपोर्टात जन्मगाव म्हणून अजून तेच आहे, आणि इथल्या कचेरीत कोणी विचारलं की शहर एकच आहे हे मला समजावून सांगावं लागतं. गाडी सुटताना आई रडली, ते अपेक्षित होतं. दादा खिडकीशी आले आणि म्हणाले, "अडलं की इचार. इचारायला लाजायचं नाय." एवढं बोलून ते चहाच्या गाड्याकडे निघून गेले. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलतील.

त्याला अकरा वर्षं झाली. मागे राहिलेल्यांना वाटतं आम्ही इथे फार काहीतरी जगतो. माझ्यासारखे जे निघून आले त्यांना माहीत आहे की तसं काही नसतं. दक्षिण जर्मनीतलं एक लहान गाव, गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना, त्यात मी आलेला माल मापून बघते. वाळूजच्या कारखान्यात हेच करत होते, फक्त इथे थंडी आहे. नवरा नाशिकचा, तो दुसऱ्या कारखान्यात. घरी आम्ही बोलतो ती मराठीच, पण तिच्यात आता टर्मिन असतो, म्हणजे डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडे आधी ठरवावी लागणारी वेळ. "शनिवारचा टर्मिन मिळाला का?" हे वाक्य मी आईसमोर बोलले असते तर तिने डोक्याला हात लावला असता. उलट 'दळण' हा शब्द मी गेल्या अकरा वर्षांत एकदाही वापरलेला नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, नुसतं लक्षात येतं.

दादा स्वतःही घर सोडूनच आलेले. वैजापूर तालुक्यातली शेती थोरल्या भावाकडे ठेवून ते सोळाव्या वर्षी शहरात आले आणि गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर झाले. तेव्हा छपाई खिळ्यांची होती. लाकडी केसमध्ये शेकडो खाने, प्रत्येक खान्यात एका अक्षराचे शिशाचे खिळे, आणि अक्षरं सगळी उलटी. कोणता खिळा कुठे, हे हाताला पाठ असावं लागायचं. इंग्रजी लग्नपत्रिका आल्या तरी दादाच जुळवायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कोणत्या आकाराचा खिळा कोणत्या खान्यात हे येत होतं, आणि मालक म्हणायचे की इंग्रजी येणाऱ्यांपेक्षा यांच्या चुका कमी. पुढे कॉम्प्युटर आला, केस भंगारात गेल्या, आणि दादा त्याच छापखान्यात बाइंडिंगला बसले. कॉम्प्युटरला ते 'डबडं' म्हणायचे. रागाने नाही, त्याचं नावच ते असल्यासारखं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. मी पोचले तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते. दहाव्याला पाहुणे जमले आणि एका मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, आता पोरीकडं जाणार का? दादा म्हणाले, "लेकीच्या घरी कुठं राहतेत का?" आमच्याकडे अजूनही जुनी माणसं लेकीकडे पाणी पितानाही संकोचतात, राहणं तर लांबच. मावशीने मान हलवली. मीही हलवली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आमचं घर दोन खोल्यांचं, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, आणि दादांशी तिथे दिवसभर कोण बोलणार? प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मिळालं होतं, मी ते ठेवून घेतलं.

निघताना माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे ठेवला, रविवारी बोलता यावं म्हणून. तो जर्मनीत घेतलेला, त्यामुळे त्यातलं सगळं जर्मनमध्ये. मी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. इथे दाबलं की सुरू होतं, आणि हिरवं दिसलं की त्यावर दाबायचं म्हणजे मी दिसते. "मराठीत करून द्यायला पाहिजे होता," असं मी म्हणाले, पण विमान गाठायचं होतं. दादा म्हणाले, "राहू दे. चाललं."

मग रविवार सुरू झाले. तब्येत, पाणी आलं का, शेजारच्यांचं काय, आणि फोन ठेवायच्या आधी दादा एक शब्द विचारायचे. एकेक अक्षर सांगायचे, टिंबांसकट, आणि म्हणायचे, "हे कसं म्हणतेत? आन म्हणजे काय?" मी सांगायची. त्सुर्युक, म्हणजे मागे. अबब्रेशन, म्हणजे रद्द. कधी भाजी चिरत, कधी मोबाइल बघत. मला वाटायचं बिचारे अडतात. दर रविवारी अडतात. त्यांना हा त्रास मीच लावून दिलेला, हेही मला टोचायचं. कधीकधी ते भलताच शब्द विचारायचे, लॅपटॉपमध्ये कुठे असेल असं वाटू नये असा, पण खोलात जायला मला वेळ नसायचा.

म्हणून या जानेवारीत तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन गेले तेव्हा पहिल्या चार दिवसांतच मी ते काम हातात घेतलं. लॅपटॉप मंदावलाही होता. दादा दुपारी जेवून दाढी-कटिंगला गेले, तिथून ते जुन्या मित्रांकडे बसणार, म्हणजे तीन तास नक्की. आत काय काय आहे ते बघितलं. मी पाठवलेले फोटो तेवढे होते, ते बाजूला काढून घेतले. मग पेन ड्राइव्ह लावला आणि सगळं कोरं करून नव्याने चढवायला सुरुवात केली. पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी येते. ती खाली खाली नेत गेले आणि 'मराठी' दिसल्यावर थांबले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. एवढ्या लांबून आलेल्या मुलीने बापासाठी करायचं म्हणजे याहून नेमकं काम कोणतं? मशीन दोनदा बंद पडून सुरू झालं, टक्के वाढत गेले, आणि साडेचारच्या सुमारास सगळं मराठीत माझ्यासमोर होतं. सुरू करा, बंद करा, हटवा, मागे. अक्षरं मी मुद्दाम मोठी करून ठेवली.

दादा आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि झाकण उघडलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग धंद्यातलंच बोलले, "अक्षर बरं पाडलंय. काना जरा बारीकय." मी म्हणाले, आता काही अडायचं नाही, सगळं आपलंच आहे. "व्हय," ते म्हणाले. त्यांनी उंदरावर, म्हणजे माउसवर, हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला. बटणं होती त्याच जागी होती, पण त्यांनी एकही दाबलं नाही. नंतर ते उठले, टीव्हीच्या खालच्या फळीवरून खाकी कव्हर घातलेली एक वही काढली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली. अगदी सहज, कालचं वर्तमानपत्र ठेवावं तसं.

"ती कसली वही?" मी विचारलं.

"काय नाय. आता लागायची नाय ती."

मी वही घेतली आणि दिवाणावर बसून उघडली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेली चौकट, चौकटीत खाने. लॅपटॉपचा एकेक पडदा त्यांनी छापखान्यातल्या केससारखा आखून काढला होता. खान्यात जर्मन शब्द छापील अक्षरात, खाली त्याचा उच्चार मराठीत, आणि त्याखाली अर्थ. अर्थ मी सांगितलेले नव्हते, त्यांनी आपल्या बोलीत करून घेतलेले होते. 'रद्द'च्या जागी 'सोडून दे'. 'हटवा'च्या जागी 'पुसून टाक'. 'मागे'च्या जागी 'माघारी'. एकाही शब्दावरचं टिंब सुटलेलं नव्हतं. मी समजत होते तो अडखळणारा म्हातारा वहीत कुठेच नव्हता. लॅपटॉप त्यांना केव्हाच येत होता.

मागच्या पानांवर मात्र लॅपटॉपमधलं काही नव्हतं. हाल्टेश्टेले, बस थांबती ती जागा. आपोटेके, औषधाचं दुकान. ब्रोट, पाव. आउसगांग, भायेर जायचं दार. हे शब्द मी ओळखले, कारण मी त्यांच्यासमोर रोज उभी असते. माझ्या फोटोंमध्ये मागे ज्या पाट्या दिसायच्या, त्या दादांनी मोठ्या करून करून उतरवून घेतल्या होत्या. शेवटच्या पानावर आमच्या घराखालच्या थांब्याचं नाव होतं, आणि पुढे कंसात, 'इथं उतरायचं'.

मी विचारलं, "दादा, हे कशासाठी?"

ते लॅपटॉपकडे बघत बोलले. "येळ जात नव्हता." मग वहीकडे बघून, "म्हणलं, एखांद्या वर्षी तू म्हणशील, चला. तवा अगदीच मुक्यावानी जाऊ नये. निदान पाटी तरी वाचता यावी."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, लेकीच्या घरी राहत नाहीत."

"ते मावशीला म्हणलो. चारचौघात तुला कोंडीत कशाला धरायचं?" त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं. "आज तू मराठीत करून दिलं. मला कळलं. इथलं इथं नीट लावून दिलं तू माझं. बरंच केलं."

ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. मी तिथेच बसून राहिले आणि मला माझी लाज वाटली, साधी, सरळ लाज. तीन वर्षं दर रविवारी हा माणूस मला एक शब्द विचारत होता आणि खरा प्रश्न माझ्याकडून यायची वाट बघत होता. विचारायला लाजायचं नाही हे मला शिकवणारे तेच, आणि एवढी एक गोष्ट आम्हा दोघांनाही विचारता आली नव्हती. त्यांनी मला कोंडीत धरलं नाही, मी त्याचा फायदा घेतला.

"दादा," मी म्हणाले, "येता का माझ्याकडे?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. हो म्हणतील असं वाटलं, नाही म्हणतील असंही वाटलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आधी हे व्हतं तसं कर. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळं पुन्हा केलं, या वेळी दादा शेजारी बसून. भाषांच्या यादीशी आलो तेव्हा उंदीर मी त्यांच्या हातात दिला. त्यांना यादी वाचावी लागली नाही, 'डॉइच', म्हणजे जर्मन, कुठे असेल ते बघून ठेवल्यासारखे ते थेट तिथे गेले. शेवटी जुना पडदा आला तेव्हा त्यांनी वही मांडीवर घेतली आणि एकेक खाना लावून बघितला, प्रूफ तपासतात तसा. दोन ठिकाणी नव्या आवृत्तीत शब्द बदलला होता. त्यांनी जुना शब्द एका रेघेने खोडला आणि वर नवा लिहिला.

व्हिसाचे कागद जमवायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. तीन महिन्यांचाच मिळाला आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत एक पलंग आला आणि सोफा गेला. नवरा म्हणतो, तीन महिने दादा इथे करतील काय? मला माहीत नाही. पाट्या वाचतील. कंटाळले तर माघारी जातील, तो शब्दही त्यांना येतो. तिकडचं घर कुलूप लावून ठेवायचं की कोणाला द्यायचं हेही अजून ठरलेलं नाही. घर कोणतं, असं मला कोणी विचारलं की आजवर मी विचारणारा बघून उत्तर द्यायची. इथल्यांना तिकडचं सांगायची, तिकडच्यांना इथलं.

काल रविवार होता. दादांनी कॅमेरा खाली वळवला आणि बॅग दाखवली. चारही बाजूंना पांढरे कागद, त्यावर माझा पत्ता छापील अक्षरात, दोन टिंबांसकट. कागदाचा खालचा भाग मोकळा होता.

"इथं घरचा पत्ता टाकतेत," दादा म्हणाले. "बॅग हरपली तर कुठं धाडायची त्याचा. अडलोय, म्हणून इचारतो. कोणता टाकू?"

मी म्हणाले, "दोन्ही टाका."

त्यांनी कागदावर पट्टी ठेवली, माप घेतलं, ओठात काहीतरी पुटपुटले.

"बसंल," ते म्हणाले. "अक्षर जरा बारीक घेतो."