अधिक महिन्यातला जिताडा

आमचे व्याही एखाद्या देशाचे राजे असते, तर त्या देशाला सैन्य ठेवायची गरजच पडली नसती. शत्रू सीमेवर आला की यांनी आधी त्याला पाट मांडून जेवायला बसवलं असतं, तो नको नको म्हणत असताना पानात आणखी दोन भाकऱ्या टाकल्या असत्या, आणि जेवून तो इतका जड झाला असता की त्याची तलवार उचलायला चार माणसं लागली असती. हे माझ्या मुलाचे सासरे. गाव विचुंबे. मूळचे भातशेतीवाले. आता त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत आणि जिथे पूर्वी यांचं खळं होतं, नेमक्या तिथल्या पार्किंगमध्ये यांची खुर्ची असते. देह असा की हे रिक्षात बसले की रिक्षावाल्याला अर्धं बाहेर लटकून चालवावी लागते. आवाज असा की ते विचुंब्याहून फोन करतात तेव्हा खांदा कॉलनीत मी फोन टेबलावर ठेवूनच बोलतो, आणि मध्ये मध्ये शेजारीही उत्तरं देतात. गळ्यातली सोन्याची साखळी एकदा दुरुस्तीला दिली होती, तर तोल जाऊन आठवडाभर मागे मागे पडत होते, असं विहीणबाई शपथेवर सांगतात.

तर या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर पत्त्यांचं वेड लागलं. तुमच्या-आमच्या राजा-राणी-गुलामाच्या पत्त्यांचं नव्हे. ते तर त्यांना पाळण्यातच येत असणार. हे ते राक्षसांचे पत्ते. बंद पाकिटात मिळतात, आत कोण निघेल सांगता येत नाही. कोणी आग ओकतो, कोणी बर्फ फेकतो. पोरं ते जमवतात, एकमेकांत बदलतात, आपापली सेना बांधतात आणि टेबलावर समोरासमोर बसून लढवतात. आमच्या चिरंजीवांना हा नाद शाळेपासूनचा. लग्न झालं तरी सुटला नाही. पहिल्या दिवाळसणाला व्याह्यांनी विचारलं, "जावयबापू, तुमाना काय देव? संकोच करू नका. गारी देव?" चिरंजीव लाजून "काही नको" म्हणाले. सूनबाईंनी मात्र वडिलांच्या कानात सांगितलं, "पप्पा, त्यांना ते पत्ते आवडतात." झालं. व्याही पनवेलच्या दुकानात गेले आणि पाकिटांचं अख्खं खोकं उचलून आले. ते न फोडताच द्यायचं होतं. पण वाटेत, 'माल ताजा हाय का' ते बघायला म्हणून एक पाकीट फोडलं. आत निळा, खवल्या-खवल्यांचा, जबडा वासलेला एक समुद्री राक्षस निघाला. व्याही तिथेच, स्कूटर रस्त्याच्या मधोमध उभी करून ओरडले, "आयला, जिताडा!" घरी पोचेपर्यंत खोकं रिकामं होतं. त्या दिवाळीला जावयाला सूटचं कापड मिळालं.

त्या राक्षसाचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की ते वाचून संपेपर्यंत डाव संपावा. व्याह्यांनी त्या भानगडीत न पडता सगळ्या सेनेचं नव्याने बारसं केलं. नांग्यावाली ती चिंबोरी, पांढरं भूत ते बोंबील, आणि सगळ्यांचा राजा तो निळा जिताडा, आमच्या खाडीतला सर्वात मानाचा मासा. पत्त्यांची अदलाबदल करायला बसले की टेबलावर कोळणीसारखे वाटे लावायचे. समोर कॉलेजातलं पोरगं हुशारीने म्हणायचं, "अंकल, तुमचा तो निळा द्या, मी माझे दोन देतो." व्याही त्याच्याकडे दयेने बघायचे. "बाला, जिताडा इकाचा नसतो. दोन बोंबील घे, वर एक चिंबोरी टाकतंय. आनि जेवलास का तू?" पोरगं बोंबील घेऊन, वर विचुंब्यात जेवून घरी जायचं. पान टाकायची पद्धत म्हणाल तर गौरी-गणपतीच्या जागरणातली: हात डोक्यावरून नेऊन, मांडी उचलून, पान असं आपटायचं की मेलेला गुलामही दचकून उठावा. आणि एक खोड अशी, जिने सगळा घात व्हायचा. हातात चांगलं पान आलं की यांचे कान लाल होतात. लाल म्हणजे असे की सिग्नल समजून समोरच्याने थांबावं. ही गोष्ट अख्ख्या तालुक्याला ठाऊक. एकट्या त्यांनाच नाही.

मग त्या दुकानाने स्पर्धा ठेवली. व्याह्यांनी नाव दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून विचुंब्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "एक तरी डाव जिकनार. एकच. पन जिकनार." एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. त्यांनी हळदीत वाजवायला येते ती बेंजो पार्टीही ठरवून टाकली. "जिकल्यावर शोधाला कुठं जाव? आदीच उभी असलेली बरी," असं त्यांचं म्हणणं. आता पूर्ण गाव डोळे लावून बसलं. हरून यायचं आणि बेंजोवाल्यांना न वाजवताच परत पाठवायचं, अशी वेळ विचुंब्यात पूर्वी कोणावर आलेली नव्हती, आणि ती वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून व्याही रोज सकाळी जिताड्याला हळद-कुंकू वाहू लागले.

घोटाळा असा झाला की स्पर्धेची तारीख आली अधिक महिन्यात. आपल्याकडे अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. व्याह्यांनी त्याच दिवशी सकाळी धोंड्याचं जेवण ठेवलं, कारण स्पर्धेत जावईही खेळणार होते आणि "उपाशीपोटी कसं पाठवू?" चौरंगावर बसवून चिरंजीवांचे पाय धुतले, टिळा लावला, तांब्याच्या ताटात अनारसे दिले. मग पुरण भरलेले धोंडे आणि त्यावर तूप. तूप असं की धोंडे पोहायला लागले. "एक अजून, नारायना." "पप्पा, पुरे." "नारायन पुरे बोलत नाय." नारायणाला शेवटी दोघांनी धरून गाडीत बसवला. मीही बरोबर होतो. मुलाकडचा म्हणून मलाही तितकंच वाढलं होतं, त्यामुळे प्रवासाचं वर्णन करण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

स्पर्धा दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये होती. पंच म्हणून एक चष्मेवाली, कडक मुलगी. तिने पहिल्याच तपासणीत व्याह्यांचा जिताडा उचलला. "अंकल, हा पत्ता मागून ओळखू येतोय. कुंकू लागलंय. चालणार नाही." "पोरी, तो देवाचा टिला हाय." "देवाचा असला तरी खूणच आहे." शेवटी पाठ न दिसणारी प्लास्टिकची पाकिटं सगळ्या पत्त्यांना चढवून प्रकरण मिटलं. पत्ता आपटायचा नाही, अशी दुसरी तंबीही मिळाली.

या स्पर्धेत हरलेल्याला घरी पाठवत नाहीत. जिंकलेल्याची गाठ पुढच्या फेरीत जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. व्याही पहिली फेरी हरले: कान. दुसरी हरले: कान. समोरची मुलं त्यांच्या पत्त्यांकडे बघतच नव्हती, कानांकडे बघून खेळत होती. त्यानंतरची फेरी एका अशा मुलाशी झाली जो चार दिवसांपूर्वी यांच्याकडे जेवला होता. तो हरवताना रडला, पण हरवलंच. इकडे चिरंजीव, ज्यांचं या हॉलमध्ये नाव होतं, तेही एकामागून एक हरत होते, कारण त्यांची पाळी यायची तेव्हा ते पुरणाच्या गुंगीत असायचे आणि समोरच्याला त्यांना हलवून जागं करावं लागायचं. त्यामुळे शेवटच्या फेरीची यादी लागली तेव्हा जे व्हायचं तेच झालं. सगळ्या फेऱ्या हरलेले दोघेच उरले होते: सासरा आणि जावई.

खाली रस्त्यावर बेंजोवाले येऊन पोचले होते. त्यांचे सूर लावणं वर ऐकू येत होतं. व्याह्यांची ही शेवटची संधी, आणि समोर नारायण!

डाव सुरू झाला. चिरंजीवांनी तोंडावर पाणी मारून घेतलं होतं, तरी पुरण ते पुरणच. व्याही हळूहळू वर येत गेले. मग त्यांनी गड्डीतून एक पान उचललं, आणि त्यांचे कान असे पेटले की मला वाटलं हॉलमध्ये कोणी आणखी दिवे लावले. जिताडा आला होता. टाकला की डाव खलास.

व्याह्यांनी पानाकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं. कपाळावर सकाळचा टिळा अजून होता. त्यांनी पान हळूच हातातल्या पानांच्या मागे सरकवलं. "नाय हाय काय माझ्याकरं. तुमी चाला पुढं, जावयबापू."

चिरंजीव एकदम पूर्ण जागे झाले. "पप्पा, कान."

"उकारतंय."

"वर पंखा आहे."

"गरम हवा मारतंय तो."

लग्नापासून विचुंब्यातल्या प्रत्येक खेळात, प्रत्येक शर्यतीत चिरंजीवच सासऱ्यांना हरवत आले होते. चिरंजीव हळू आवाजात म्हणाले, "पप्पा, कॅरम पण असंच होतं का?" व्याही छताकडे बघू लागले. "आणि चिंचेपर्यंत धावलो होतो ते?"

"पाय मुरगललेला माझा."

"आणि पंजा लढवला होता? तुमचा हात माझ्या मांडीएवढा आहे, पप्पा!"

चिरंजीवांनी आपले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. "मी हरलो तर मला चालेल. पण आज मुद्दाम हरलात, तर यापुढे तुमच्याशी कसलाच खेळ खेळणार नाही. सणाला येईन, जेवीन, जाईन."

"असं कसं बोलता?" व्याह्यांचा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला कोण जाणे. "सकालीच पाय धुतलेत तुमचे. त्याच मानसाला दुपारी पारू? अधिकात?"

"अंकल, पाच मिनिटं राहिली," पंच मुलगी म्हणाली.

व्याही उठले. मला वाटलं निघाले. पण त्यांनी शेजारच्या टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, खाली बसले (हॉल हलला), चिरंजीवांचे बूट-मोजे काढले आणि भर स्पर्धेत जावयाचे पाय धुवायला घेतले. "अंकल, वेळ चालू आहे!" "चालू दे, पोरी. तुझा घर्‍याल तुझ्या ठिकानी, नारायन नारायनाच्या ठिकानी." टेबलावर पत्त्यांखाली अंथरायची चित्रांची चटई होती, तिने पाय पुसले. हात जोडले. "नारायना, पोटात घाल," म्हणाले, आणि उठता उठताच हात डोक्यावरून नेऊन जिताडा असा आपटला की आजूबाजूच्या तीन टेबलांवरचे राक्षस हवेत उडाले आणि परत कोण कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पंच मुलीने ताकीद लिहून घ्यायला पेन उघडलं, आणि मग तिलाच हसू फुटलं. तिने पेन बंद केलं.

खाली बेंजोवाल्यांनी हळदीची गाणी लावली. रस्ता अडला. लोक विचारत होते, "नवरा कोन?" आणि बेंजोवाले व्याह्यांकडे बोट दाखवत होते. ते दोन्ही हात वर करून नाचत होते आणि जावयाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न करत होते. चिरंजीव नाचता नाचता हसत होते आणि बहुधा डोळेही पुसत होते; पुरणाने तसं होतं की नाही, मला माहीत नाही. व्याही त्यांना मिठी मारून म्हणाले, "पयल्यांदा हारलाव माझ्याशी. आता पावनं नाय. घरचं झालाव."

आता ते दोघं दर रविवारी खेळतात आणि कुत्र्या-मांजरासारखे भांडतात. "चोरी केलीस तू!" "पप्पा, नियम वाचा!" मध्यंतरी एका चिंबोरीवरून आठवडाभर अबोला होता. सूनबाई वैतागल्यात. चिरंजीव मात्र विचुंब्याला जायला आताशा सण शोधत नाहीत.

मीही जातो अधूनमधून. आमची दोघांची आपली साधी रमी असते, त्या पार्किंगमधल्या खुर्च्यांवर. मीच जिंकतो. लग्न ठरल्यापासून आजवर एकदाही हरलो नाही, आणि त्याचा मला बरेच दिवस अभिमानही होता. गेल्या खेपेला मी मुद्दाम चुकलो. त्यांना नेमकं हवं असणार, असं पान उघड्यावर टाकलं. त्यांनी ते बघितलं. मग म्हणाले, "काय खेलता, व्याहीबुवा! पनवेलात तुमच्यासारखा मानूस नाय," आणि ते पान तसंच ठेवून गड्डीतून दुसरं उचललं. थोड्या वेळाने मी जिंकलो. विहीणबाईंनी ट्रेमधून चहा आणला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या कपबशीतला, बशीत बिस्किटं लावून. मी तो घेतला, आणि फाटकापर्यंत सोडायला आले होते त्या दोघांना नमस्कार करून घरी आलो.