वॉलपेपरवरचा नागनाथ

लोकांच्या हातात स्मार्टफोन दिला आणि त्यातला एक शब्दही नीट समजावून सांगितला नाही, असा जो कोणी आहे, त्याला मी माफ करणार नाही! लाँचर, विजेट, थीम, अपडेट... हे शब्द पडद्यावर सोडून तो निघून गेला. निस्तरतो आम्ही, आखाडा बाळापुरात, दर बाजारच्या दिवशी.

आम्ही म्हणजे मी आणि रफिकभाई. भाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हिंगोलीहून डिग्री घेऊन परतलो, तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत मी फोनचा फुकट वर्ग सुरू केला. वाटलं होतं, एका उन्हाळ्यात सगळं गाव शिकून मोकळं होईल. गाव थोडंसं शिकलं, किस्से मात्र ढीगभर साचले. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच घुसतो.

वर्गात सगळ्यात नियमित ज्ञानोबामामा. शेजारच्या खेड्यातले शेतकरी. त्यांचा पोरगा बाळू तिशी ओलांडलेला, कष्टाळू, सरळ. पण शेती करतो म्हटलं की मुलीकडचे पुढे बोलतच नाहीत. शेवटी कनेरगाव नाक्याचं एक स्थळ आलं. ते म्हणाले, "तुमी फोन करू नका. इचार करून आमीच व्हॉट्सॲपवर कळवतो."

म्हणून मामा वर्गाला आले. "सर, तेवढा एक मेसेज वाचता आला पायजे. बाकी तुमचं इंटरनेट तुमाला लखलाभ!"

*

पहिला धडा, सेटिंग्ज. मामांना अक्षरं दिसत नव्हती. मी फॉन्ट साइज वाढवून दाखवला आणि मामांनी ती पट्टी थेट टोकापर्यंत ओढली. एका पडद्यावर जेमतेम चार शब्द मावायला लागले!

दुसऱ्या दिवशी ते कळमनुरीच्या एसटीत बसून बाळूचा बायोडाटा बघत होते. हळूहळू अंगठ्याने वर सरकवत. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "मामा, जरा खाली घ्या की! पोराचं शिक्षण वाचायचं राहिलं!"

*

शांतामावशी म्हणजे वर्गाला न चुकता येणाऱ्या दुसऱ्या. अंगणवाडीतून निवृत्त. त्यांच्या फोनवर कधीपासून अपडेट येऊन पडलं होतं, आणि त्या त्याला हात लावू देत नव्हत्या.

"मावशी, अपडेट म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरची डागडुजी. चोर घुसू नये म्हणून फटी बुजवतात. करून टाका."

"करते की. पण तो इचारून राहिला, आता करू का रात्री करू?"

"मग रात्री करा. तुम्ही झोपलेल्या असता, फोन मोकळा असतो."

मावशींनी फोन पदराखाली घेतला. "मी झोपल्यावर काहून? काय करायचं ते दिवसाढवळ्या कर म्हनावं, माझ्यासमोर!"

*

एकदा मला जोर चढला. कस्टमायझेशनचा धडा होता. वॉलपेपर बदलणं सोपं, लाँचर, म्हणजे पडद्याची मांडणी करणारं ॲप, बदललं की फोनचं अंगणच बदलतं, वगैरे सांगत सांगत मी रूटवर पोचलो. "फोनमधल्या काही गोष्टींना कंपनी हात लावू देत नाही. रूट केला की सगळा ताबा आपला. पण मग वॉरंटी जाऊ शकते."

मावशी म्हणाल्या, "म्हंजी दुकानातून इकत घेतला तवा माझा न्हाई झाला?"

बाहेरून रफिकभाई ओरडले, "सर, छुट्टी करो! ये सवाल बहुत बडा हो गया!"

*

आता मामांचं.

वॉलपेपरचा धडा मामांना फारच आवडला. त्यांनी औंढ्याच्या नागनाथाचा फोटो लावला, फोन कपाळाला टेकवला आणि घरी गेले. पुढच्या बाजारी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने.

"सर, व्हॉट्सॲप गेलं."

"गेलं म्हणजे?"

फोन पाहिला. पडद्यावर नागनाथ, एकटा. बाकी एक आयकॉन नाही!

"देवाच्या अंगावर ते हिरवं, निळं, लाल टिकल्यावानी बसलं होतं," मामा म्हणाले. "तोंडावर तर व्हॉट्सॲपच. बोट दाबून धरलं की वर 'काढा' असं येऊन राहिलं. मग एकेक काढलं. वरून नोटिफिकेशन टपकायचे थेट देवाच्या डोक्यावर, ते बी बंद केले. आता बाळू रोज इचारतो, बाबा, काही आलं का? मी म्हनतो, न्हाई. पण सर, आलं असंल तर कुठं आलं असंल?"

मीही गार झालो. 'काढा'च्या शेजारीच 'अनइन्स्टॉल' असतं. बोट तिकडे गेलं असेल तर व्हॉट्सॲप खरंच गेलं, आणि मामांनी कधी बॅकअप घेतलेला नव्हता.

मी पडदा खालून वर सरकवला. ॲप ड्रॉवर उघडला. सगळी ॲप्स रांगेत उभी, हिरवंसुद्धा!

"मामा, तुम्ही दारावरची पाटी काढली. घर शाबूत आहे!"

मावशींनी मामांना पाणी दिलं. मी व्हॉट्सॲप उघडलं. कनेरगावचा मेसेज होता, चार-पाच दिवसांपूर्वीचा: "बायोडाटा पसंत आहे. रविवारी मुलगी पाहायला या. होकार कळवा."

रविवार परवाच होता.

"बिघडलं," मामा म्हणाले. "एवढे दिवस जवाब न्हाई म्हनल्यावर कोन थांबतं?"

होकार मी टाइप केला. दोन करड्या खुणा आल्या, मग निळ्या झाल्या. मग पलीकडून नुसतं "या."

*

रविवारी मामांनी मलाही नेलं. गाडीत बाळूने शर्टाचं वरचं बटण तीनदा लावलं आणि काढलं.

पोहे झाले. मुलगी, वैशाली, आली, बाळूशी ओसरीत बोलली, दोघं हसले. तिच्या वडिलांनी मामांना पान पुढे केलं आणि स्थळ पक्कं, आता सुपारी फोडायची ती साखरपुड्यालाच, असं म्हणाले. मामांनी डोळे पुसले. मग त्यांना राहवलं नाही. "पाहुणे, तेवढं उशिराचं..."

वैशालीच्या आत्याने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"त्याच्यानंच तर जमलं! दुसरी स्थळं मेसेज गेला की पाच मिनिटांत हजर. तुमी चार दिवस उघडून बी पाहिला न्हाई. तवाच मी दादाला म्हनलं, हे घर हपापलेलं न्हाई, भरल्या मनाचं दिसून राहिलं, पोरगी इथंच द्या!"