सोनकांबळे बाईंचा अमरकंद

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं, की लातूर जिल्हा नवाकोरा असताना त्याच्या एका भाड्याच्या कचेरीमागं एका झाडावर विषप्रयोग झाला. आरोपी सात. त्यांतला एक मी.

झाड सोनकांबळे बाईंचं. बाई आमच्या टायपिस्ट, किनवटहून बदलून आलेल्या. ट्रंकेत दोन लुगडी आणि पोत्यात गुंडाळलेले चार कंद. वडील जंगलात मजुरी करायचे. झोपडीमागं, सागाच्या सावलीत त्यांनी ही रानातली आमरी, म्हणजे गावठी ऑर्किड, वाढवली होती. अमरकंद म्हणतात तिला. वडील गेले, झोपडी गेली, उरले ते कंद. बाईंनी ते कचेरीमागच्या कडुलिंबाखाली लावले आणि वर पाचोळा पांघरला.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. फाइल अडली, साहेबांची सही होईना, की त्या शांतपणे म्हणायच्या, "निजलंय ते. उठंल तवा उठंल." हिवाळ्यात अमरकंदाची पानं पिवळी पडून झडली, तेव्हाही हेच म्हणाल्या. पाऊस येईपर्यंत त्याला थेंबही घालायचा नाही, अशी तंबी दिली.

उन्हाळा दुष्काळाचा. टँकर आला तर आला. साहेबांनी माठाला कुलूप घातलेलं, माणशी दोन पेले. बाई मात्र रोज दुपारी डबा घेऊन त्या उघड्या मातीपाशी बसायच्या. आम्हाला वाटलं, झाड मेलंय आणि बाई स्वतःची समजूत घालून राहिल्यात. माझ्यानं बघवेना. माझ्यातला एक पेला मी गुपचूप तिथं ओतू लागलो. असलं पुण्य कुणी बोलून दाखवत नाही.

मृग तोंडावर आला, तशी बाईंनी माती उकरली. तीन कंदांचा लगदा झाला होता. त्या खालीच बसल्या.

"ह्येला पाणी कुनी पाजलं?"

आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त लागला. मी कबूल झालो. मग बडे बाबू. मग एकेक करत बाकीचे. साहेबसुद्धा खाकरले आणि म्हणाले, सगळे गेल्यावर संध्याकाळी आपण एक तांब्या घालत होतो.

चौथा कंद घट्ट निघाला. पुढं नांदेडला बाईंच्या अंगणात तो तुऱ्यावर आलेला मी पाहिला. पण त्या दुपारी बाई त्याला पदरात धरून आमच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. शिपाई गफूरचाचांची तेवढी कबुली राहिली होती. ते बोलून गेले,

"पाण्यावाचून मरतंय एवढंच ठावं होतं, बाई. पाण्यानं बी मरतंय?"